सहा घरांच्या साच्यात शिशाची वजने अपुरी का उतरतात?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि त्या दिवसांत जाळ्यांची दुरुस्ती निघते. तळाच्या दोरीवरचे झिजलेले किंवा गळून गेलेले शिसे नव्याने ओवायचे असते, पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याच्या, घेराला शिशाचे मणी हवे असतात आणि खडकावर बसून गळाने गरवणाऱ्यांनाही पुढच्या हंगामासाठी वजनांचा साठा करायचा असतो. ही वजने घरी ओतणाऱ्यांपैकी पुष्कळजण आता एका घराचा, म्हणजे एका वेळी एकच वजन ओतता येणारा, जुना साचा बाजूला ठेवून, लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचा चार किंवा सहा घरांचा साचा करून घेतात. काम लवकर उरकावे, हा त्यामागचा साधा हेतू असतो. पण एका घराच्या साच्यावर ज्यांचा हात उत्तम बसलेला आहे, त्यांनाही या नव्या साच्यात एकच अडचण पुन्हा पुन्हा येते. सहापैकी दोन-तीन वजने गुळगुळीत आणि भरीव निघतात, उरलेल्यांवर सुरकुत्या पडतात, कडा गोलसर राहतात, कड्याजवळचा बारीक भाग भरतच नाही किंवा पोटात पोकळी राहते. ती वजने पुन्हा भांड्यात टाकली जातात, पुन्हा ओतली जातात आणि पुन्हा तशीच निघतात.

अशा वेळी बहुतेकजण शेगडीची आच वाढवतात. हा उपाय चुकीचा आहे. अपुऱ्या वजनांचे कारण बहुतेक वेळा साच्याच्या उष्णतेत असते. शिसे अधिक तापवल्याने त्या उणिवेचा अगदी थोडा भाग भरून निघतो आणि त्याच्या बदल्यात मळी (वितळलेल्या शिशावर जमणारा मळकट थर), धूर व विषारी भुकटी मात्र वाढते.

हे हिशेबाने पाहता येते. ५० ग्रॅमची सहा वजने म्हणजे एका ओतीला ३०० ग्रॅम शिसे लागते. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. ते ३८० अंशांवर असताना ओतले, तर वितळणबिंदूपर्यंत उतरताना ते साच्याला सुमारे २३०० ज्यूल उष्णता देते. गोठताना त्याचा अप्रकट उष्मा म्हणून आणखी ६९०० ज्यूल बाहेर पडतात आणि घट्ट झाल्यावर १८० अंशांपर्यंत निवताना अजून सहा हजारांच्या आसपास. एकूण पंधरा हजार ज्यूल. साचा ६०० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियमचा असेल, तर त्याला एक अंश तापायला सुमारे ५४० ज्यूल लागतात. म्हणजे एका पूर्ण ओतीने साचा फार तर तीस अंशांच्या आसपास तापतो, तोही मधल्या वेळात हवेत काहीच उष्णता गेली नाही असे धरले तर. आता शिसे ३८० ऐवजी ४३० अंशांपर्यंत तापवले, तर त्या वाढीव ५० अंशांतून साच्याला मिळतात सुमारे २२०० ज्यूल, म्हणजे चारच अंश. आच वाढवून एवढेच हाती लागते.

आतून १५० ते २०० अंशांच्या दरम्यान तापलेल्या साच्यात शिसे कोपऱ्यापर्यंत पोहोचायला पुरेसा वेळ द्रव राहते. त्याहून थंड साच्यात ते भिंतीला टेकताच तिथल्या तिथे गोठते, त्यावरून मागचे शिसे सरकते आणि या दोन थरांच्या सीमारेषा म्हणजेच आपल्याला दिसणाऱ्या सुरकुत्या. एका घराच्या साच्यात धातूचे वस्तुमान कमी असल्यामुळे तो चार-पाच ओतींत आपोआप तापतो आणि त्यामुळे साचा तापवण्याची स्वतंत्र सवय कधी लागतच नाही. सहा घरांचा साचा मोठा असतो, त्याला हवेत उघडा राहणारा पृष्ठभाग अधिक असतो आणि अ‍ॅल्युमिनियम उष्णता भराभर वाहून नेते. लोखंडाच्या साच्याला तापायला वेळ लागतो, पण ओतणाऱ्याचा हात थोडा रेंगाळला तर तो तेवढ्याच सावकाश निवतो. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात अशी सवलत नसते.

दोष कुठे पडतो ते आधी पाहा

कोणताही उपाय करण्याआधी एक साधी तपासणी करावी आणि ती कधीही टाळू नये. साच्याच्या घरांना मुठीकडून टोकाकडे एक ते सहा असे क्रमांक द्यावेत, प्रत्येक ओतीनंतर अपुरी वजने कोणत्या घरातून आली ते पाहावे आणि चार-पाच ओतींनंतर ओतण्याचा क्रम उलटा करावा. म्हणजे आधी एकपासून सहापर्यंत ओतत असाल, तर आता सहापासून एककडे यावे. क्रम बदलताच दोषाची जागाही बदलली आणि जे घर शेवटी भरले जाते तेच दर वेळी अपुरे राहू लागले, तर दोष पळीत आहे. क्रम बदलूनही दोष त्याच घरात राहिला, तर त्या घरात किंवा साच्याच्या त्या टोकात काहीतरी आहे. सगळीच घरे सारखी बिघडत असतील, तर साचा थंड आहे, साच्याला तेल आहे किंवा शिशात भेसळ आहे. आणि दोष कधी इथे कधी तिथे असा फिरत असेल, तर मळी पळीत येते आहे किंवा धार नीट पडत नाही. या एका तपासणीने निम्म्याहून अधिक चाचपडणे वाचते. पुढे जे काही लिहिले आहे ते या निदानानंतरच उपयोगाचे आहे.

सगळीच घरे अपुरी निघतात तेव्हा

सुरुवातीच्या ओती बिघडतात आणि आठ-दहा ओतींनंतर आपोआप सुधारतात, असे असेल तर साचा थंड होता एवढेच कारण आहे. त्या आठ-दहा ओतींत वेळ, इंधन आणि अंगावर घेतलेला धूर वाया घालवण्याची गरज नाही. साचा मिटलेल्या स्थितीत एका जाड लोखंडी तव्यावर, मंद आचेवर, शिसे वितळत असतानाच ठेवून द्यावा. ज्वाळेवर थेट धरू नये, कारण एका बाजूने तापल्यास त्याची दोन्ही अर्धे वाकडी होतात आणि मग सांधा कायमचा बिघडतो. हा तवा यापुढे स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे आधीच ठरवलेले असावे.

साचा पुरेसा तापला की नाही हे पाहण्याची जुनी आणि भरवशाची रीत अशी आहे: तव्यावर चांगला तापून पूर्ण कोरडा झालेल्या साच्याचा एक कोपरा वितळलेल्या शिशात काही क्षण बुडवून बाहेर काढावा. कोपऱ्यावर शिसे गोठून चिकटून राहिले तर साचा अजून थंड आहे; ते न चिकटता निथळून गेले तर ओतायला हरकत नाही. थंड साच्याने ही परीक्षा कदापि करू नये. पावसाळ्यात थंड धातूवर दमट हवेतील ओलाव्याचा थर डोळ्यांना न दिसताही बसलेला असू शकतो आणि तो शिशाखाली गेल्यास काय होते ते पुढे येईलच.

ओतणे सुरू झाल्यावर साच्याचे तापमान कळते ते तोंडावर राहिलेल्या शिशावरून. घर भरल्यावर तोंडाशी शिशाचा जो छोटा डबका थांबतो, त्याची चमक जाऊन तो गोठायला चार ते सहा सेकंद लागत असतील तर साचा योग्य उष्णतेवर आहे. ओतताक्षणीच तो गोठत असेल तर साचा थंड आहे, आणि दहा सेकंद उलटूनही तो थरथरत असेल तर साचा अति तापला आहे. मला तापमापकापेक्षा ही खूण अधिक उपयोगी वाटते, कारण ती प्रत्येक ओतीला समोर असते. ज्यांना मोजूनच पाहायचे आहे त्यांनी शिशात बुडणारा, थर्मोकपलचा तापमापक वापरावा. दुरून लाल ठिपका टाकून तापमान सांगणारी उपकरणे चकाकणाऱ्या शिशावर आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर खऱ्यापेक्षा बरेच कमी आकडे दाखवतात, आणि त्या आकड्यांवर विसंबून लोक भांडे भलतेच तापवतात.

लय राखणे हा या कामाचा गाभा आहे. साचा उघडणे, वजने पाडणे, साचा मिटणे आणि पुन्हा ओतणे, यांत खंड पडू देऊ नये. निघालेली वजने न्याहाळत बसणे, खुंट (तोंडाशी गोठून वजनाला चिकटलेले जास्तीचे शिसे) कापणे, एखाद्याचा फोन घेणे या गोष्टींत दोन-तीन मिनिटे गेली की अ‍ॅल्युमिनियमचा साचा पुन्हा निवतो आणि त्यानंतरची ओत बिघडते. खुंट सगळे झाल्यावर एकदमच कापावेत, आणि खंड पडलाच तर साचा मिटून तव्यावर परत ठेवावा. भांड्यात शिसे कमी झाले म्हणून मधेच थंड तुकड्यांची भर घालणे हेही लय मोडणारे आणि धोक्याचे आहे.

साचा इतका तापला की वजनांचा पृष्ठभाग पांढुरका, दाणेदार दिसू लागला आणि तरीही सुरकुत्या तशाच राहिल्या, तर थंडपणाचा संशय सोडून द्यावा. तिथे तेल आहे. लेथवरून आलेल्या नव्या साच्याच्या भिंतींवर कापणीचे तेल असते आणि ते नुसत्या फडक्याने जात नाही. साचा थंड असताना भांडी घासण्याच्या साबणाने आणि गरम पाण्याने, मऊ ब्रशने प्रत्येक घर घासून धुवावा, मग पूर्ण वाळवून तव्यावर बराच वेळ तापवावा. बिजागरीला तेल घातले असल्यास ते तापल्यावर पसरून घरांत उतरते, म्हणून तिथे अगदी पुसट बोट फिरवावे किंवा पेन्सिलीचे शिसे घासावे. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट, आणि ते उष्णतेत टिकते. पांढुरक्या पृष्ठभागाबद्दल एवढेच सांगतो की तो दोष नाही. जाळ्याच्या शिशाला चकाकीची गरज नसते.

सगळी घरे बिघडण्याचे तिसरे कारण म्हणजे जस्त. गाड्यांच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावलेली जुनी वजने भंगारात स्वस्त मिळतात, पण ती सगळी शिशाची नसतात. काही जस्ताची आणि काही पोलादाचीही असतात. थोडेसे जस्त जरी शिशात विरघळले, तरी ते घट्टसर, रवाळ दिसू लागते, पृष्ठभागावर साय धरते आणि बारीक कोपऱ्यांत शिरत नाही. यावर आच वाढवणे हा तर सर्वांत वाईट मार्ग आहे. जस्त ४१९.५ अंशांना वितळते आणि शिशापेक्षा बरेच हलके असते. शिशाची घनता ११.३४, तर जस्ताची ७.१३. म्हणून भांडे ४०० अंशांच्या आत ठेवले तर चुकून आलेले जस्ताचे तुकडे वर तरंगतात, त्यांच्यासोबत चाकाच्या वजनांच्या पोलादी कड्याही वर येतात आणि झाऱ्याने सगळे काढून टाकता येते. त्याहून चांगले म्हणजे वितळवण्याआधीच निवड करणे. कटरने दाबल्यावर शिसे सहज कापले जाते आणि त्यावर खोल खूण उमटते, जस्त दाद देत नाही. फरशीवर टाकल्यास शिशाचा आवाज बद्द येतो, जस्ताचा खणखणीत. जस्त एकदा मिसळलेले शिसे घरी शुद्ध करण्याच्या खटपटीत पडू नये, ते भंगारात वेगळे द्यावे.

शेवटचे घर अपुरे राहते तेव्हा

इथे पळीचा प्रश्न असतो. सहा घरे भरेपर्यंत पळीतले शिसे हवेत निवत जाते, आणि पळीत आधीच जेमतेम शिसे असेल तर सहाव्या घरापर्यंत पोहोचताना ते गोठण्याच्या बेतात असते. सहा घरांना जेवढे लागते त्याच्या दुप्पट शिसे पळीत घ्यावे आणि उरलेले पुन्हा भांड्यात ओतावे. पळी जाड लोखंडाची असावी. दोन ओतींच्या मध्ये ती बाहेर न ठेवता तिचा वाडगा भांड्यातच बुडवून ठेवावा, म्हणजे ती शिशाइतकीच गरम राहते. पहिल्यांदा बुडवण्यापूर्वी मात्र ती भांड्याच्या काठावर धरून तापवणे आवश्यक आहे.

साच्याची तोंडे भांड्याच्या अगदी जवळ, शक्य तर काठाला टेकवून धरली तर धारेचे अंतर कमी होते. धार फार उंचावरून पडली की तिच्यासोबत हवा आत ओढली जाते. फार हळू पडली की तोंड अर्धे भरल्यावरच गोठते. तोंडाच्या मधोमध न ओतता किंचित कडेने ओतल्यास शिसे गोल फिरत खाली जाते आणि आतली हवा मधून वर निघते. एकदा सुरू केलेली धार घर भरून तोंडावर डबका थांबेपर्यंत तोडायची नाही. हा डबका कंजूषपणाने लहान ठेवू नये. शिसे गोठताना सुमारे साडेतीन टक्के आक्रसते. ते बाहेरून आत गोठत जाते, त्यामुळे शेवटची कमतरता पोटात पडते आणि ती भरून काढायला वर द्रव शिसे शिल्लक असावे लागते. शंभर ग्रॅमच्या पुढची, नासपतीच्या आकाराची वजने आत पोकळ निघतात ती बहुधा याच कारणाने. तिथे डबका खाली बसताना दिसला की त्याच क्षणी पळीतून थोडे शिसे आणखी द्यावे.

एकच घर सारखे बिघडते तेव्हा

टोकाची घरे असतील, तर आधी वारा पाहावा. पावसाळ्यात हे काम पडवीत चालते आणि एका बाजूने येणारा वारा साच्याचे एक टोक सतत गार करतो. ओतणाऱ्याने तोंड फिरवून उलट बाजूला बसावे. बिघडणारे टोक बदलले तर वाऱ्याला आडोसा करावा. मात्र हा आडोसा माणसाच्या आणि भांड्याच्या मध्ये धूर कोंडणारा नसावा.

मधलेच एखादे घर असेल, तर हवा जाण्याची वाट बुजलेली असते. चांगल्या साच्याच्या सांध्यावर घरापासून कडेपर्यंत केसाएवढ्या बारीक रेघा ओढलेल्या असतात आणि शिसे आत येताना हवा त्यांतून बाहेर पडते. वजने सुटी यावीत म्हणून घरांना काजळी धरण्याची आपली पद्धत चांगली आहे. कापराची काजळी विशेष बारीक असते. पण दर दोन ओतींनी काजळी धरत गेल्यास तिचा थर या रेघांत भरतो. तेव्हा जुनी काजळी कोरड्या, मऊ ब्रशने पूर्ण काढून, एकदाच आणि पातळ अशी पुन्हा धरावी. भिंत करडी दिसली की पुरे, काळीकुट्ट दिसण्याची गरज नाही. लेथवाल्याने रेघा ओढल्याच नसतील, तर त्याच्याकडूनच त्या करून घ्याव्यात. घरी करवतीच्या पात्याने त्या ओढू जाणारे साच्याचा सांधाच खराब करून बसतात.

ज्या वजनांना आरपार भोक हवे असते त्यांच्या घरातून पोलादी सळई जाते, आणि गळाच्या वजनांत पितळी तारेचे कडे आधी बसवावे लागते. ही सळई किंवा तार थंड असेल, तर तिच्याभोवतीचे शिसे आधी गोठते आणि नेमका तिथलाच भाग अपुरा राहतो. तारा एका कोरड्या डब्याच्या झाकणावर, तव्याच्या कडेला गरम होत ठेवाव्यात. सळईला काजळी धरावी आणि शिसे घट्ट झाल्यावर, पण अजून गरम असतानाच, ती पिळून बाहेर ओढावी. शिसे पूर्ण निवल्यावर ते आक्रसून सळईला घट्ट धरते आणि मग हातोडी घेण्याची पाळी येते.

सांध्यावर पापुद्रे येत असतील, तर साचा पूर्ण मिटत नाही. बहुतेक वेळा सांध्याच्या सपाट भागावर शिशाचा एखादा शिंतोडा चिकटलेला असतो. साचा गरम असताना बांबूच्या कोरड्या काडीने तो सहज निघतो. चाकू, पटाशी किंवा पोलादी खिळा अ‍ॅल्युमिनियमला लावू नये. वजन घरात अडकले तर साच्याच्या अंगावर ठोकू नये. बिजागरीच्या खिळ्यावर लाकडी ठोकळ्याने हलके टिपके द्यावेत.

शिशाची प्रत

जाळ्याच्या दोरीवर चेपून बसवायचे शिसे मऊ असावे लागते. शुद्ध शिसे त्यासाठी सर्वांत चांगले; जुन्या केबलचे वेष्टन, जुने नळ, जुन्या जाळ्यांवरून काढलेले शिसे हे त्याचे नेहमीचे स्रोत आहेत. अँटिमनी मिसळलेले कडक शिसे साच्यात सुबक उतरते, पण चेपताना त्याला चिरा जातात. शिसे जवळजवळ शुद्ध असेल तर त्याचा रंगही आपल्याला बोलका होतो. मळी काढल्यावर उघड्या पृष्ठभागावर लगेचच सोनेरी, मग जांभळी-निळी साय चढू लागली, तर भांडे गरजेपेक्षा अधिक तापले आहे आणि आच कमी करावी.

मळी दर वेळी फेकून देऊ नये. तिच्यात चांगले शिसेही अडकलेले असते. वाटाण्याएवढे मेण किंवा राळ टाकून, भांड्याच्या तळापासून आणि भिंतींपासून खरवडत ढवळावे. धूर येतो आणि क्वचित पेट घेतो, म्हणून चेहरा दूर ठेवावा. ढवळून झाल्यावर वर कोरडी, करडी भुकटी उरते, तीच काढायची. ही भुकटी पळीत आली तर वजनांत खड्डे पडतात. म्हणून फिरत्या दोषाचे पहिले कारण तिथे शोधावे, आणि पळी भरताना तिच्या पाठीने पृष्ठभाग बाजूला सारूनच शिसे घ्यावे.

गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीतले शिसे घरी वितळवू नये. हे मी सर्वांत कळकळीने सांगतो. त्यातील पट्ट्यांत आम्ल आणि शिशाची संयुगे भिनलेली असतात, अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम यांसारख्या धातूंचे अंश असतात आणि अशा मळीला पुढे ओल लागली तर त्यातून आर्सिन व स्टिबिन हे अत्यंत विषारी वायू निघू शकतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणेही अशी बॅटरी संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यायची असते.

पाणी

जुन्या जाळ्यांवरून काढलेले शिसे हा आपल्याकडचा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा माल आहे. त्याच्या भोकात दोरीचे तंतू, वाळू आणि मीठ घट्ट बसलेले असते, आणि मीठ पावसाळी हवेतून पाणी ओढून घेते. वरून कोरडा दिसणारा मणी आतून ओला असू शकतो. तो वितळलेल्या शिशात टाकला की पृष्ठभागाखाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा घेते आणि भांड्यातले शिसे छतापर्यंत उडते. यात डोळे जातात. जुने शिसे आधी गोड्या पाण्यात धुवून, उकलून, उन्हात किंवा चुलीजवळ वाळवावे, आणि मग ते थंड, रिकाम्या भांड्यात भरूनच शेगडी पेटवावी, म्हणजे शिसे वितळण्याच्या फार आधी ओलावा निघून जातो. वितळलेल्या शिशात ओले तर नाहीच, पण मळीसाठीचे मेण किंवा राळ सोडून न तापवलेले काहीही टाकू नये. भर घालायचीच असेल तर ते तुकडे आधी भांड्याच्या काठावर किंवा तव्यावर चांगले तापवून घ्यावेत.

भांडे पागोळ्यांपासून दूर, गळक्या कौलाखाली मुळीच नाही, अशा जागी असावे. वजने गार करायला शेजारी पाण्याची बादली ठेवू नये. ती कोरड्या जाड कापडावर किंवा लाकडी फळीवर पडू द्यावीत. भांडे जाड पोलादाचे किंवा बिडाचे हवे. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले कितीही सोयीचे वाटले तरी आचेवर ते मऊ पडते, आणि दहा किलो शिशाचे आकारमान लिटरभरही होत नसल्यामुळे लहानशा पातेल्यात किती वजन आले आहे याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. शेगडी जमिनीवर, सपाट आणि न डुगडुगणारी असावी. पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, चामड्याचे हातमोजे, बंद बूट आणि चेहरा झाकणारी काच यांविना पळी हातात घेऊ नये.

भुकटी

ओतण्याच्या तापमानाला शिशाची वाफ थोडीच निघते, आच वाढवत नेली की ती वाढते. आच न वाढवण्याचा माझा आग्रह याच्याशीही जोडलेला आहे. पण घरात शिसे शिरण्याची मोठी वाट म्हणजे मळीची भुकटी. ती हातांवरून विडी, तंबाखू, पान यांच्यासोबत तोंडात जाते, आणि कपड्यांवरून अंथरुणात व लहान मुलांपर्यंत पोहोचते. मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशाने होणारी हानी भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तात शिसे प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळले, तर ते कुठून येते हे शोधून तो संपर्क थांबवायचा असतो. दरवर्षी ओतकाम करणाऱ्याने ही रक्ततपासणी करून घ्यावी असे माझे मत आहे.

मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी त्या पडवीत काम संपून जागा पुसली जाईपर्यंत येऊ नये. जमीन कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. अर्थात शेगडी विझून शिसे पूर्ण गोठल्यावरच. हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ-पिऊ नये. कामाचे कपडे वेगळे ठेवून वेगळे धुवावेत. भुकटी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कोरडी साठवून शिसे घेणाऱ्या नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावी, परसात किंवा खाडीत टाकू नये. गळाची लहान वजने पाण्यात हरवली की पाणपक्षी ती खड्यांसोबत गिळतात. हंस अशा विषबाधेने मरत असल्याचे दिसून आल्यावर इंग्लंडमध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर १९८७ मध्ये बंदी आली. तलावात किंवा खाडीत गरवणाऱ्यांनी एवढ्या लहान वजनांसाठी पोलाद वापरावे.

काम संपल्यावर शेवटच्या ओतीची वजने साच्यातच राहू द्यावीत. ती घरांच्या कडा सांभाळतात आणि हवा आत शिरू देत नाहीत. साचा लोखंडाचा असेल तर पावसाळ्यात त्याला एका रात्रीत गंज धरतो; त्याला तेलाचा पातळ हात देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि पुढच्या वेळी ते तेल साबणाने धुऊन काढल्याशिवाय पहिली ओत घालू नये.